कोथळवाडीचं निम्मं ऊन

१

उन्हाचा चोर शुक्रवारी, १ फेब्रुवारी १९८० रोजी, दुपारी पाऊण वाजता, कोथळवाडीच्या सरकारी मळ्यात सहा माणसांदेखत पकडला गेला. त्यानं झटापट केली नाही, पळायचा प्रयत्न केला नाही, आणि गुन्हा कबूल असल्यासारखा गप्प पडून राहिला.

असं काहीही घडलेलं नाही, असं वरच्या कार्यालयानं नंतर लेखी कळवलं. सरकारी कागदाचा मान राखायचा म्हणून आपणही काही घडलंच नाही असं धरून चालू, आणि चार दिवस मागे, सोमवारी सकाळी, मलकापूर स्टेशनाबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसू.

तिथं गुलाम रसूल बशीतून चहा पीत बसला होता. रेल्वेत तो बत्तीवाला होता. एकतीस वर्षं त्यानं सिग्नलच्या दिव्यांच्या काचा पुसल्या. त्याच्या काचेतून दिसणारा लाल रंग पाहून मेल गाड्यांचे ड्रायव्हर म्हणे अदबीनं थांबत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी तो रोज सकाळी येऊन सिग्नलकडे डोळे बारीक करून बघायचा आणि नव्या पोरांना नावं ठेवायचा. काचेवर बोट फिरवून ती कुणी पुसली आणि पुसताना त्याचं घरी भांडण झालं होतं की नाही, एवढं तो सांगतो, अशी त्याची ख्याती होती. यातलं पहिलं खरं होतं.

मोताळ्याच्या एस.टी.तून उतरलेला भाऊराव थेट त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. भाऊराव म्हणजे कोथळवाडीच्या मळ्याचा अधीक्षक. माणूस साधा, पण तीन वर्षं सरकारी पत्रव्यवहार केल्यानं बोलताना मधूनच टिपणी लिहायला लागायचा.

"रसूलचाचा, आमच्या मळ्यातलं ऊन चोरीले गेलं."

"किती?"

"निम्मं."

गुलाम रसूलनं बशी खाली ठेवली. ऊन चोरीला जातं याचं त्याला काहीच वाटलं नाही. रेल्वेत त्यानं यापेक्षा मोठ्या गोष्टी चोरीला गेलेल्या पाहिल्या होत्या. त्याला खटकलं ते दुसरंच.

"मंग बाकीचं निम्मं काऊन ठेवलं त्यानं?"

भाऊरावनं हकीगत सांगायला घेतली.

ऑक्टोबरात मळ्याच्या पंपघराच्या गच्चीवर चार पॅनेलं बसवली होती. उन्हावर वीज तयार करायची आणि विजेवर पंप चालवायचा, असा सरकारचा प्रयोग. अख्ख्या जिल्ह्यात दुसरीकडे कुठं नाही. खाली मीटर. रोज दुपारी साडेबारा वाजता भाऊरावनं कुलूप काढायचं, काटा बघायचा, वहीत लिहायचा. ऑक्टोबरपासून काटा आठवर. चार जानेवारीला तो एकदम चारवर आला, आणि तिथंच राहिला.

"पोलिसात गेल्ते?"

"गेल्तो. उकंडराव जमादार म्हने, माल कोनाचा? सूर्याचा? तं मंग फिर्यादीले ठान्यात घेऊन या. सही येत नसंल तं अंगठा चालते."

"बरोबर बोलला."

"चाचा, शुक्रवारी मोठे साहेब येऊन राह्यले. काटा चारवर दिसला तं पॅनेलं उचलून दुसऱ्या जिल्ह्यात. आन् त्यायनं जबाबदार माणसाचं नाव मांगतलं हाये." भाऊरावनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हा मसुदा. 'पॅनेल पुसणारी हंगामी कामगार श्रीमती बनाबाई हिने राखेने अथवा विटकरीने काच घासल्याने सदर नुकसान...' फक्त सही बाकी हाये."

"घासली तिनं?"

"तेच तं मले समजत नाई. काच तुमी पाहा. खरडलेली निघाली तं मी सही करतो. नसंल निघाली..." भाऊराव थांबला. नसंल निघाली तर काय, हे मसुद्यात नव्हतं.

गुलाम रसूलनं टोपी नीट केली आणि उठला.

२

ते मळ्यात पोचले तेव्हा साडेबाराला दहा मिनिटं कमी होती. पंपघर म्हणजे एक खोली, वर सपाट गच्ची, मागल्या बाजूला लोखंडी शिडी. पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली, त्यामुळं खालून फक्त त्यांची पाठ दिसायची.

साडेबारा वाजता भाऊरावनं कुलूप काढलं. आत अंधार, आणि अंधारात एक काचेची डबी. काटा चारवर होता. पाइपातून पाणी येत होतं, पण नाइलाजानं आल्यासारखं.

भाऊरावनं वहीत 'चार' लिहिलं, पुन्हा कुलूप लावलं आणि दोघं शिडीकडे गेले.

शिडीच्या पायथ्याशी बनाबाई भाकर खात बसली होती. पन्नाशीची, ताठ पाठीची बाई. दोघांना बघताच तिनं भाकर झाकली, हात धुतले.

"थांबा चाचा, मी पुढं होते. शिडी हालते जराशी."

ती आधी चढली. मग म्हातारा गुलाम रसूल चढला, त्यामागं भाऊराव. वर ती हातात फडका घेऊन बाजूला अदबीनं उभी होती. चारही पॅनेलं उन्हात लखलखत होती. प्रत्येकात काळ्या-निळ्या गोल चकत्या, पापड मांडल्यासारख्या ओळीनं.

गुलाम रसूल आधी काचेजवळ गेलाच नाही. त्यानं तिचं सामान बघायला मागितलं.

सामान बघून त्याला आपल्या तरुणपणाची आठवण झाली. धूळ झाडायला मऊ कुंचा. बनाबाई म्हणाली, "कोरडी धूळ आधी झाडाव लागते, नाईतं वल्ल्या फडक्याखाली तेच खडे होतेत." पाणी घालायला तोटीचा तांब्या. पाणी विहिरीचं नाही. पावसाळ्यात रांजणात साठवलेलं, फडक्यातून गाळलेलं. विहिरीचं पाणी वाळलं की काचेवर पांढरे ठिपके राहतात, हे तिनं एका काचेच्या तुकड्यावर करून पाहिलं होतं, आणि तो तुकडाही तिनं पुराव्यादाखल जपून ठेवला होता. पाणी निपटायला सायकलच्या ट्यूबची पट्टी, लाकडी दांड्यात बसवलेली. आणि शेवटचा हात मारायला फडका. तिच्या सासूच्या जुन्या लुगड्याचा, दोन-अडीच हात लांब, धुवून धुवून सायीसारखा मऊ झालेला.

"राख कधी लावली?"

"कंदिलाले लावतो आमी राख. याले लावली तं हात तोडीन मी कोनाचा बी."

"कवा पुसता?"

"सकाळी काच थंडी असते तवा एकदा. मंग नोंदीच्या अर्ध्या घंट्याआधी पुन्हा, निसता हात. कागदात तसं लिहेल हाये."

गुलाम रसूल वाकला. काच त्यानं समोरून नाही, बाजूनं, पापणीला लावल्यासारखी पाहिली. ओरखडा असला की तो असा तिरपा बघितल्यावरच दिसतो. मग 'हा' करून काचेवर वाफ सोडली. वाफ सारखी बसली आणि सारखी उडाली. तेलकट जागा असती तर तिथं ती फाटली असती. मग त्यानं बोट फिरवलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, कोपरे, चौकटीची कड.

भाऊरावचा हात खिशातल्या मसुद्याकडे गेला.

"एकतीस वर्षं काच पुसली मी," गुलाम रसूल शेवटी म्हणाला. "अशी मले नाई जमली."

बनाबाईनं मान खाली घातली. भाऊरावनं हात खिशातून काढला. काच निर्दोष, ऊन निर्दोष, आणि खाली काटा चारवर. आता तर गुन्हाच उरला होता. गुन्हेगाराला जागाच नव्हती.

३

मळ्यात बनाबाई सोडून संशय घ्यायला दोनच माणसं होती. गुलाम रसूलनं दोघांकडे जायचं ठरवलं.

पहिला नारायणराव. हा डिझेल इंजिनवाला. उन्हाचा पंप यायच्या आधी विहिरीचं पाणी त्याच्या इंजिनानं उपसलं जायचं. आता इंजिन झाकून ठेवलं होतं आणि नारायणराव त्याच्याशेजारी बसून रोज त्याला तेल-पाणी करायचा, जणू घरात आजारी माणूस आहे.

"तुमचं म्हननं मी चोरलं ऊन?" त्यानं विचारलं. "चोरून ठेवू कुठी? या डब्यात?"

"पॅनेलं गेली तं तुमचं इंजिन चालू होते."

"होते नं. मी कुठी नाई म्हनतो?" नारायणराव मनापासून हसला. "पन मले काई कराची गरजच नाई, चाचा. हे ऊन सरकारी झालं तवापासूनच बिघडलं. दिवसभर बरं चालते, आन् जेवाच्या सुट्टीत बसते. मी पाह्यतो नं इथून. बारा वाजले की पाइपाची धार बारीक, एक वाजला की पुन्हा मोठी. माह्यं इंजिन कधी जेवलं का?"

गुलाम रसूल हसला नाही. "रोज?"

"रोज. रवारचं मले नाई ठाव. रवारी मी बीबी गावाले असतो, सासुरवाडीले."

दुसरी सत्यभामाबाई, भाऊरावची आई. मायलेक मळ्यातल्याच क्वार्टरात राहायची. पॅनेलं आली त्या दिवशी तिनं त्यांना हळद-कुंकू वाहिलं होतं, ते बनाबाईनं दुसऱ्या दिवशी पुसलं. तिनं पुन्हा वाहिलं. बनाबाईनं पुन्हा पुसलं. आठवडाभरानं तह झाला: कुंकू चौकटीच्या पायाला लावायचं, काचेला नाही. पण तहानंतरही दोन्ही देश एकमेकांवर नजर ठेवून होते.

"ऊन कोनी चोरलं नाई रसूलभाऊ," ती म्हणाली. "सूर्यनारायण देऊनच नाई राह्यला. त्याच्या कपायाचं कुंकू पुसते थे बाई. तुमाले खोटं वाटत असंन तं वही पाहा. रवार त्याचा वार. रवारी तो पुरं देते. बाकी दिवशी निम्मं."

"रवारी काटा आठवर असते?"

"हाव. भाऊ लिहिते नं वहीत. मी इचारते त्याले रोज."

गुलाम रसूलनं वही मागवली. वही उघडल्यावर तो सरळ बसला. म्हातारीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. सहा, तेरा, वीस, सत्तावीस जानेवारी. चारही रविवारी आठ. सव्वीस जानेवारीला, शनिवार असून, आठ.

"सव्वीस जानेवारीले सूर्याचा वार नसते, माय."

"झेंडावंदन असते," सत्यभामाबाई म्हणाली. ती हरणारी नव्हती.

सुटीच्या दिवशी चोर येत नव्हता. सुटीला मळ्यात भाऊराव आणि त्याची आई राहायची. नारायणराव आणि बनाबाई दोघंही नसायची. म्हणजे चोर या दोघांतला एक. पण वहीचं पान उलटता उलटता गुलाम रसूलचं बोट एका ओळीवर अडखळलं. सोळा जानेवारी. बुधवार. कामाचा दिवस, दोघंही हजर. आणि तरी काटा आठ.

शेरा या रकान्यात भाऊरावनं सवयीनं दोनच शब्द लिहिले होते: 'वारा फार.'

४

सुटीच्या दिवशी न येणारा चोर गुलाम रसूलला समजू शकत होता. वाऱ्याच्या दिवशी न येणारा चोर त्यानं कधी ऐकला नव्हता.

मंगळवारी त्यानं भाऊरावला सांगून नारायणरावला दिवसभरासाठी मोताळ्याला पिटाळलं. "इंजिनाचे वायसर आना." नारायणराव आनंदानं गेला; आजारी माणसासाठी औषध आणायला जातात तसा. साडेबाराला कुलूप काढलं. काटा चारवर.

बुधवारी चार. गुरुवारी चार.

"बावीस दिवस झाले," भाऊराव म्हणाला. त्यानं मसुदा काढून मांडीवर ठेवला. "नारायणराव सुटला. आता एकच नाव राह्यलं चाचा. कशी करते थे मले नाई ठाव, पन करते तेच."

"उद्या सकाळपरेंत सही करू नोको."

गुलाम रसूल शिडीकडे गेला. बनाबाई नेहमीच्या जागी भाकर खात होती. "थांबा चाचा, मी पुढं होते," म्हणत ती उठली, पण त्यानं हातानं बसवलं.

"वर नाई जायचं मले. बस. नोकरी गेली तं काय करशीन?"

"काय करीन? कापूस येचाले जाईन," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "वयाच्या नवव्या वर्षापासून येचते चाचा. अर्धं आयुष्य वाकून गेलं. मानूस बोलाले आला तं त्याचे पायच दिसत मले आधी. इथं पॅनेल छातीएवढ्या उंचीवर हाये. उभ्यानं पुसते. तुमाले काय सांगू, इथं आल्यावर मले पह्यल्यांदा दिसलं का मोताळ्याच्या अंगाले डोंगर हायेत."

गुलाम रसूलनं फक्त एवढंच विचारलं, "सोळा तारखेले वारा सुटला होता. त्या दिवशी तुनं काय येगळं केलं?"

"काई नाई. पुसलं आन् खाली आली. उभीच होती दोन्ही हात वर करून, याडीवानी."

"हात वर काऊन?"

पण तेवढ्यात सत्यभामाबाईनं क्वार्टराच्या दारातून हाक मारली. चहा झाला होता.

गुलाम रसूल ओसरीवर पोचला, तेव्हा सत्यभामाबाईनं जमीन नुकतीच पुसली होती. पोतेरं दारात पसरलेलं होतं. पाहुणा दिसताच तिनं चेहऱ्यावर हसू आणलं, "या या रसूलभाऊ" म्हणाली आणि त्याच श्वासात, न बघता, पायाच्या अंगठ्यानं पोतेरं दाराआड लोटलं.

गुलाम रसूल एक पाय ओसरीवर आणि एक अंगणात ठेवून तसाच उभा राहिला.

त्याच्या घरी त्याची बायको नजमुन्निसा हेच करायची. त्याची आई हेच करायची. पाहुण्याला घर स्वच्छ दिसलं पाहिजे. ते ज्यानं स्वच्छ केलं ते मात्र दिसता कामा नये. सगळ्या मुलखातल्या बायका हे करत होत्या, आणि कुणालाही विचारलं असतं की पाहुणा यायच्या आधी तू काय केलंस, तर ती खरं बोलून म्हणाली असती: काही नाही.

थांबा चाचा, मी पुढं होते.

"काय झालं?" सत्यभामाबाई म्हणाली. "बसा नं."

"भाऊरावले बोलवा," गुलाम रसूल म्हणाला. "आन् त्याले म्हना, बनाबाईले जो कागद वाचून दाखवला होता थो घेऊन ये."

भाऊराव कागद घेऊन आला. वरून आलेलं परिपत्रक, अकरा कलमं. तीन जानेवारीला मिळालं होतं. गुलाम रसूलनं ते मोठ्यानं वाचायला लावलं. सहाव्या कलमापर्यंत तो मान डोलवत होता. सातवं ऐकून त्यानं डोळे मिटले.

"भाऊराव, चोर सापडला."

"कोन?"

"आता सांगतलं तं तू त्याले वाचवशीन," गुलाम रसूल म्हणाला. "साहेबापुढंच पकडू. आज निसतं काटा आठवर आनून भागत नाई. बावीस दिवस कोनाच्या तरी नावावर पडतीन."

५

मोठे साहेब शुक्रवारी जीपनं आले. डोक्यावर करड्या रंगाची फेल्ट हॅट, बगलेत फाईल. मलकापुरात हायवेवर ट्रकांच्या रांगेत अडकल्यानं ते आधीच तापलेले होते. गुलाम रसूलची ओळख करून दिल्यावर त्यांनी विचारलं, "हे कोणत्या खात्याचे?"

"बत्ती," भाऊराव म्हणाला.

गुलाम रसूलनं एवढीच विनंती केली की बनाबाईनं आपलं काम रोजच्यासारखं, कागदात लिहिलं आहे तसंच करावं, आणि तोपर्यंत कुणी वर जाऊ नये. बनाबाई वर गेली. बाराला खाली आली. साडेबाराला भाऊरावनं कुलूप काढलं.

चार.

"बघा," साहेब म्हणाले. "नाव द्या मला."

"देतो," गुलाम रसूल म्हणाला. "नारायणराव, तुमी इथंच काट्याजवळ थांबा. काटा हालला की वरडा. बाकी सगळे वर चला."

शिडीशी बनाबाई उभी होती. "थांबा, मी पुढं—"

"आज मी पुढं होतो, बाई."

तिचा चेहरा उतरला. "चाचा, नोका नं जाऊ. वर पसारा हाये. साहेबापुढं बरं नाई दिसत."

तो चढला. मागून साहेब, भाऊराव, पदर खोचून सत्यभामाबाई, आणि सर्वांत शेवटी बनाबाई.

गच्चीवर चारही पॅनेलं लखलखत होती. आणि मधल्या दोन पॅनेलांच्या खालच्या ओळीवर, जोडावरून दोन्हीकडे सारखा येईल असा, एकही सुरकुती न पाडता पसरलेला, तिचा फडका वाळत पडला होता.

"हा?" साहेब म्हणाले. "हे एवढंसं चिरगूट?"

गुलाम रसूलनं फडका उचलला. खालून नारायणराव ओरडला, "आठ!"

त्यानं तो पुन्हा पसरला. "चार!"

"अशक्य आहे," साहेब म्हणाले. "चार पॅनेलांचा हा विसावा हिस्सासुद्धा नाही."

गुलाम रसूलनं फडका काढून बनाबाईच्या हातात दिला, आपली टोपी काढली आणि एका पॅनेलातल्या एकाच चकतीवर ठेवली. खालून आवाज आला, "सहा! काय करून राह्यले बे वर?"

"साहेब, तुमची."

साहेबांनी हॅट काढून दिली; का दिली ते त्यांनाही कळलं नसावं. ती दुसऱ्या पॅनेलवर ठेवली. "चार!"

साहेबांच्या हॅटनं दोन घटले आणि बत्तीवाल्याच्या टोपीनंही दोनच. उन्हाला हुद्दा कळत नसावा.

"चकत्या एकीले एक जोडेल हायेत," गुलाम रसूल म्हणाला. "एका रुळावरच्या गाड्यांवानी. पुढची एक उभी राह्यली की मागच्या साऱ्या उभ्या. ऊन कितीबी असो. मले पह्यल्या दिवसापासून एकच खटकलं. मळ चढते तं हळूहळू चढते. काटा आठाचा साडेसात झाला असता, मंग सात. हा एका दिवसात निम्म्यावर आला आन् रोज तितकाच. चारातली दोन पॅनेलं पुरी बंद, दोन पुरी चालू. नारायणराव म्हने, ऊन बारा ते एक जेवते. ऊन नाई, फडका वाळते. सुट्टीच्या दिवशी पुसणं नाई, म्हनून वाळणं नाई. वाऱ्यात फडका काचेवर टिकत नाई, आन् दगड ठेवला तं काच खरडते, म्हनून त्या दिवशी ही बाई फडका दोन्ही हातात धरून घंटाभर उभी राह्यली. आन् कोनी वर येऊन राह्यलं की आधी चढून थो उचलते. आपल्या घरी पाहुणा आला की उचलतेत तसाच."

सत्यभामाबाई एकदम दुसरीकडे बघू लागली.

"म्हणजे कबूल," साहेब म्हणाले. "या बाईनंच केलं."

"म्या केलं," बनाबाई म्हणाली. "मले नव्हतं ठाव, साहेब. एवढ्याशानं..."

"थांब," गुलाम रसूल म्हणाला. "आधी साहेबाले कलम सात सांग."

बनाबाईला वाचता येत नव्हतं. भाऊरावनं परिपत्रक तिला तीनदा वाचून दाखवलं होतं, आणि तिनं ते आरतीसारखं पाठ केलं होतं. ती हात जोडून, डोळे मिटून, कोथळवाडीत कुणी बोलत नाही अशा भाषेत म्हणाली:

"'फडका वापरानंतर तात्काळ धुऊन, जमिनीवर, झुडपावर अथवा दोरीवर न टाकता, कार्यस्थळीच, पूर्ण उन्हात, स्वच्छ व सपाट पृष्ठभागावर पसरून वाळवावा.'"

सगळ्यांनी गच्चीकडे पाहिलं. खाली जमीन. मळ्याच्या कडेला झुडपं. पलीकडे दोरी. गच्चीच्या मागल्या भागावर पॅनेलांची सावली, पुढल्या भागावर पायांची धूळ. त्या अख्ख्या कार्यस्थळी पूर्ण उन्हातला, स्वच्छ, सपाट पृष्ठभाग एकच होता. आणि तो स्वच्छ ठेवल्याबद्दल बनाबाईला सरकार पगार देत होतं.

"आधी मी बाभळीवर टाकत होती," ती म्हणाली. "काटे लागत, पन वाळे. मंग कागद आला."

"कागदावर सही कोनाची हाये, भाऊराव?" गुलाम रसूलनं विचारलं.

भाऊराव साहेबांकडे न बघता म्हणाला, "सदर परिपत्रक सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने निर्गमित झालेले आहे."

पाऊण वाजला होता. परिपत्रक भाऊरावच्या हातात गप्प पडून होतं. त्यानं झटापट केली नाही.

"मसुद्यात नाव लिहायचं तं कलम सात लिहा," गुलाम रसूल साहेबांना म्हणाला. "वडलांचं नाव तुमाले ठाव हाये."

खालून नारायणराव ओरडला, "अजून चारच हाये! जे ठेवलं थे काढा का कोनी!"

साहेबांनी वाकून आपली हॅट उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. "असं काही घडलेलं नाही," ते म्हणाले आणि शिडी उतरून गेले.

आठ दिवसांनी ते लेखी आलं. जानेवारीतल्या बावीस नोंदी 'थंडीमुळे काटा आखडल्याने' रद्द. पॅनेलं कोथळवाडीलाच राहतील. पुसणाऱ्या कामगाराविरुद्ध काही नाही, सबब ती कामावर कायम. भाऊरावनं मसुदा फाडून चुलीत घातला; सत्यभामाबाईनं त्यावर चहा केला आणि पहिला कप शिडी चढून बनाबाईला नेऊन दिला, तोही आधी हाक मारून, पसारा आवरायला वेळ देऊन.

ते ऐकायला आलेला गुलाम रसूल मलकापूरला परत जायला निघाला होता, तेवढ्यात भाऊरावनं कागदाची दुसरी बाजू वाचली. तिथं नवं कलम बारा होतं: फडका पॅनेलवर वाळवू नये. कलम सात मात्र रद्द केलं नव्हतं. रद्द केलं असतं, तर काहीतरी घडलं होतं असं झालं असतं.

बनाबाई गच्चीवर उभी होती. हातात ओला फडका, समोर मोताळ्याकडचे डोंगर. जमिनीवर नाही, झुडपावर नाही, दोरीवर नाही, पॅनेलवर नाही. तिनं कलमं पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिली. नोकरी राहिली होती आणि ती तिला नीटच करायची होती.

"चाचा," ती वरून म्हणाली, "जाऊ नोका. एक अर्ज लिहून घ्या."

तो अर्ज भाऊरावच्या अक्षरात, बनाबाईच्या अंगठ्यासह, साक्षीदार गुलाम रसूल, बत्तीवाला (निवृत्त), त्याच दिवशी टपालानं गेला:

'विषय : फडका वाळविण्याकरिता स्वतंत्र ऊन मंजूर होणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, अर्जदार कलम सात व कलम बारा या दोहोंचे एकाच वेळी पालन करू इच्छिते. तरी मळ्याचे हद्दीत जमीन, झुडूप, दोरी व पॅनेल वगळून, अडीच हात लांब व एक हात रुंद इतके ऊन, दुपारी बारा ते एक या वेळेत, अर्जदाराचे नावे कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावे, ही विनंती. रविवारी व सव्वीस जानेवारीस सदर ऊन सरकारजमा करण्यास अर्जदाराची हरकत नाही.'